कॅमेऱ्यामागचा माणूस

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडेफार नीटनेटके करून लिहिले आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात आपला एखादा डॉक्टर, इंजिनिअर किंवा स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेला माजी विद्यार्थी बोलतो. ते योग्यच आहे. यंदा संस्थेने मला विषयाची मोकळीक दिली आणि मी एका चित्रपटकाराविषयी बोलायचे ठरविले, तेव्हा दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. 'सर, आता मुलांना सिनेमा शिकवणार काय?' असेही एकांनी विचारले. त्यांना माझी विनंती आहे, की थोडा वेळ कळ काढावी आणि मग काय रागवायचे ते रागवावे.

हा विषय मला सुचला तो दहावीतल्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याच्या मोहल्ल्यात पाणी पहाटे तीनला येते आणि गल्लीच्या शेवटच्या घरांपर्यंत तर धार पोचतच नाही. या मुलाने घरातला मोबाइल घेऊन चार पहाटे त्याचे चित्रण केले. हंड्यांची रांग टिपली, बायकांची भांडणे टिपली, पाणी सोडणाऱ्या वॉलमनला दोन प्रश्न विचारले. पाचव्या दिवशी वडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि ते तडक माझ्याकडे आले. मुलाला हे वेड मी लावले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. याने पोट भरते का? आणि उद्या कोणी बोट दाखविले, पोलिसांनी बोलावले, तर बरोबर कोण येणार, तुम्ही?

मी त्या वेळी गप्प बसलो. दोन्ही प्रश्न खरे होते. आज जे बोलणार आहे ते त्यांनाच दिलेले, जरा उशिरा सुचलेले उत्तर आहे असे समजावे. सगळे उत्तर मजकडे नाही, हेही आधीच कबूल करतो.

आनंद पटवर्धन हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. जन्म मुंबईचा, १९५० सालचा. ते अनुबोधपट करतात. अनुबोधपट म्हटले की आपल्या वडिलांच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन आठवते. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी खात्याची रिळे प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवावी लागत. धरणे, पूर, मंत्र्यांचे दौरे. लोक तेवढ्या वेळात बाहेर उभे राहून चहा घेत, असे माझे वडील सांगतात. चांगले अनुबोधपट त्यातही होते. परंतु बहुतेकांत बोलायचे ते सरकार आणि ऐकायचे ते लोक. पटवर्धनांनी ही बाजू फिरविली. त्यांच्या चित्रपटांत बोलतात ते बहुधा लोक. ते स्वतः कॅमेऱ्यामागे असतात, पडद्यावर फारसे दिसत नाहीत, पण मधूनच त्यांचा आवाज येतो. साधा प्रश्न असतो, आवाज चढलेला नसतो. असे का वाटते तुम्हांला? मग काय झाले? आणि मग ते थांबतात. समोरचा माणूस बोलेपर्यंत थांबतात. हे थांबणे मला फार मोलाचे वाटते. वर्गात प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर सांगून टाकणारे आम्ही शिक्षक. आम्हांला ते अजून जमलेले नाही.

त्यांचे घराणे देशभक्तांचे. अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. बेचाळीसच्या लढ्यात अच्युतराव भूमिगत राहून काम करीत होते. आई निर्मलाबाई मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या, मातीची भांडी घडविण्याच्या कलेत नाव मिळविलेल्या. आई-वडिलांचे उतारवयातले चित्रण करता करता त्यांचा 'वसुधैव कुटुंबकम्' हा २०२३ सालचा चित्रपट तयार झाला. घरचाच चित्रपट, पण त्यातून स्वातंत्र्याची आणि फाळणीची कहाणी उलगडते. मुलांनो, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर हे लक्षात ठेवा.

मुंबईत आणि पुढे अमेरिकेत शिक्षण झाले. तिथे शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांच्या युनियनमध्ये त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. परत आल्यावर मध्य प्रदेशातल्या 'किशोर भारती' या ग्रामीण शिक्षणाच्या प्रकल्पात राहिले. म्हणजे आधी काम आले आणि कॅमेरा मागाहून. १९७४ साली जयप्रकाश नारायण यांचे बिहार आंदोलन सुरू झाले, तेव्हा ते पाटण्याला गेले. मोठ्या मोर्चाचे चित्रण करायचे तर साधन काय? उसना आणलेला एक सुपर-८ कॅमेरा, हौशी माणसे घरगुती चित्रण करीत तसला. ती चित्रे पडद्यावर पाडून पुन्हा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतली. चित्र दाणेदार आणि धूसर आले. पण 'क्रांति की तरंगें' तयार झाला.

तो तयार होतो न होतो तोच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी जाहीर झाली. चित्रपट उघडपणे दाखविणे अशक्य झाले. तेव्हा त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या लोकांबरोबर परदेशी पाठविण्यात आले आणि कॅनडात पुन्हा जोडले गेले. पटवर्धन तिथे पुढील शिक्षण घेत होते. तिथूनच आणीबाणीविरुद्ध तो दाखविला गेला. आणीबाणी उठल्यावर त्यांनी राजकीय कैद्यांवर 'ज़मीर के बंदी' केला. पुढे १९८१ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शेतावर राबणाऱ्या, बहुतांशी पंजाबी, मजुरांच्या युनियनवर जिम मन्रो यांच्याबरोबर एक चित्रपट केला. आपले लोक पोटासाठी परमुलखात जातात तेव्हा त्यांचे काय होते, हे आपल्या मोहल्ल्यांना वेगळे सांगायला नको. आखाताची पत्रे आपण वाचलेली आहेत.

आता 'हमारा शहर'. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. बी.एड. करीत असताना मुंबईत एका मित्राच्या खोलीवर, त्याच्या लॅपटॉपवर मी तो पाहिला आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही.

चित्रपट १९८५ सालचा. १९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हुसकावून गावी धाडण्याची घोषणा तेव्हाच्या राज्य सरकारने केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑल्गा टेलिस खटला या नावाने कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. पण झोपड्या हटवूच नयेत असे मात्र म्हटले नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा एवढेच सांगितले. तत्त्व लोकांच्या बाजूला आणि बुलडोझर पालिकेच्या बाजूला, असा तो निकाल. या साऱ्या वर्षांत रस्त्यावर काय चालले होते, ते 'हमारा शहर'मध्ये दिसते. इमारती बांधणारे मजूर दिसतात, ज्यांना स्वतःला छप्पर नाही. नीटनेटक्या दिवाणखान्यांत बसून झोपडीवाल्यांना शहरावरची घाण म्हणणारी शिकलेली माणसेही दिसतात. पटवर्धनांनी त्यांनाही तितक्याच शांतपणे प्रश्न विचारले आणि त्यांनी मोकळेपणाने उत्तरे दिली. त्यांच्यावर टीका करायला निवेदक लागलाच नाही.

पण मला जे सांगायचे आहे ते वेगळेच. झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यासमोर येते आणि चित्रपट करणाऱ्यांवरच उसळते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांपाशी त्याला उत्तर नाही. असले असते तरी त्या क्षणी देण्यासारखे नव्हते.

मित्रहो, चित्रपट कात्रीने तयार होतो. तासन्‌तास केलेल्या चित्रणातून काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे एकटा माणूस संकलनाच्या टेबलाशी बसून ठरवितो. तो तुकडा काढून टाकला असता तर कोणाला कळले असते? पटवर्धनांनी तो ठेवला. आपल्यालाच टोचणारा, आपल्या कामाच्या मुळालाच हात घालणारा प्रश्न त्यांनी आपल्याच चित्रपटात ठेवला. मी त्यांचा मोठेपणा मोजतो तो येथून. सरकारविरुद्ध बोलणारे पुष्कळ असतात.

आणि त्या बाईचा प्रश्न त्यांनी चित्रपटातच सोडून दिला असेही नाही. मार्च १९८६ मध्ये दक्षिण मुंबईतली संजय गांधी नगर ही वस्ती पाडण्यात आली. तेव्हा पटवर्धन, अभिनेत्री शबाना आझमी आणि वस्तीतले रहिवासी उपोषणाला बसले. अखेर त्या कुटुंबांना गोरेगावला दिंडोशी येथे पर्यायी जागा मिळाली. 'हमारा शहर'ला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, परंतु दिंडोशीची जागा मला पुरस्काराहून मोठी वाटते.

वडिलांचा दुसरा प्रश्न होता पोलीस-कचेरीचा. त्याचे उत्तर असे, की होय, कचेरीची पायरी चढावी लागते. पटवर्धनांचे निम्मे आयुष्य न्यायालयांत गेले म्हटले तरी चालेल. 'राम के नाम' हा अयोध्येवरचा चित्रपट त्यांनी बाबरी मशीद पाडली जाण्यापूर्वीच पूर्ण केला होता. दूरदर्शनवर तो आला १९९७ साली, आणि तेही न्यायालयाने आदेश दिल्यानंतर. १९९५ च्या 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध'साठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. अकरा वर्षे! अणुबाँबच्या प्रश्नावरचा 'जंग और अमन' २००२ चा. सेन्सॉर बोर्डाने त्याला एकवीस काप सुचविले. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काप न करता तो मोकळा केला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी दगड उचलला नाही, वकील गाठला. कागद जपून ठेवले, तारखांना हजर राहिले. हे कंटाळवाणे काम आहे. चित्रपटावर लिहिणारे त्याबद्दल फारसे लिहीत नाहीत.

'राम के नाम'विषयी आपल्या मंडळींच्या मनात काय येते ते मी जाणतो. म्हणून त्यातला एकच माणूस सांगतो. पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेले तिथल्या राममंदिराचे पुजारी. त्यांना विचारले आणि ते निर्भीडपणे बोलले. देवाच्या नावाने मते आणि पैसा गोळा करण्याचा हा खेळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९९३ साली त्यांची हत्या झाली. आपल्या बाजूने कोणी बोलत नाही, ही तक्रार मी स्टाफरूममध्ये, लग्नात, एस.टी.त सगळीकडे ऐकतो. लालदास बोलले होते. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? मी नववीच्या वर्गात विचारले, एकही हात वर आला नाही. ही चूक मुलांची नाही, आमची शिकविणाऱ्यांची आहे.

'जंग और अमन'मधला एक प्रसंग मी दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या आधी सांगतो. लाहोरच्या एका शाळेत मुलींची वादसभा चालली आहे. विषय अणुबाँब. काही मुली बाँबच्या बाजूने तावातावाने बोलतात, टाळ्या पडतात. मागून पटवर्धन त्यांना विचारतात, तुम्हांला स्वतःला काय वाटते? तेव्हा त्या कबूल करतात, की आम्ही बोललो तसे आम्हांला वाटत नाही. बक्षिसासाठी आपणही किती भाषणे अशी पाठ करवून घेतो! मी स्वतः लिहून दिली आहेत.

१९९७ सालच्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. हेच शाहीर 'हमारा शहर'मध्ये गायले होते. मित्र गेला म्हणून पटवर्धनांनी कॅमेरा हाती घेतला आणि 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला तो २०११ मध्ये, चौदा वर्षांनी. खटल्याचे काय होते ते पाहायला ते थांबले. त्या काळात लहान मुले मोठी झाली. मराठी शिकविणारा म्हणून सांगतो, आपल्या भाषेतली शाहिरी अजून कशी जिवंत आहे हे पाहायचे असेल तर तो चित्रपट पाहा. तो वस्त्या-वस्त्यांत, चाळींच्या आवारात पडदा लावून दाखविला गेला. ही त्यांची जुनी पद्धत. ज्यांचा चित्रपट त्यांच्यापर्यंत तो पोचवायचा, मग प्रोजेक्टर खांद्यावर न्यावा लागला तरी.

दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांनंतरचा 'विवेक' हा २०१८ सालचा. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचा मान मिळाला. केरळातल्या महोत्सवात दाखवायला मात्र पुन्हा उच्च न्यायालयात जावे लागले.

राहिला पोटाचा प्रश्न. येथे मला गोडगोड बोलायचे नाही. पूर्वी फिल्म महाग होती. १६ मिलिमीटरचे चारशे फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला पाच-सहा रिळे. एका चित्रपटाच्या विक्रीतून पुढच्याचा खर्च भागवीत पटवर्धनांनी काम केले. त्यांना घर होते, इंग्रजी होते, ओळखीचे वकील होते. आपल्या मुलांना यातले फारसे काही नाही. शिवाय आपल्या मुलाचे नाव वाचून समोरच्याची नजर बदलते, हेही खरे. त्यामुळे त्या वडिलांची भीती मी भित्रेपणा मानीत नाही. मी कोणालाही आय.टी.आय. सोडून कॅमेरा घे, असे सांगत नाही. आधी पदवी घ्या, हातात कसब घ्या. पण आज प्रत्येक घरात जो मोबाइल आहे, तो त्या सुपर-८ कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ चित्र देतो, आणि त्यावर आपली मुले दिवसभर काय पाहतात ते मी येथे सांगत नाही, पालकांना लाज वाटेल.

आता तो दहावीचा मुलगा. त्याची गोष्ट मी त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन सांगतो आहे. ते आज सभागृहात बसलेलेही आहेत.

वडिलांच्या रागाचे खरे कारण मला आठवड्याने कळले. गल्लीत पाणी कमी येते त्याला वरची व्यवस्था कारण आहेच. पण आठ-दहा घरांनी नळाला थेट मोटार लावली आहे, आणि पुढची घरे पाणी ओढून घेतात म्हणून मागची कोरडी राहतात. मुलाने मोटारींचेही चित्रण केले होते. त्यांतली एक त्याच्या स्वतःच्या घरची होती.

तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, अब्बांची मोटार कापून टाकू का? बाकीच्यांच्या ठेवतो."

मी त्याला 'हमारा शहर'मधल्या त्या बाईची गोष्ट सांगितली, आणि पुढे काय करायचे ते सांगितले नाही. खरे म्हणजे मलाच धीर नव्हता. बाप-लेकाच्या मध्ये पडणारा मास्तर फार काळ टिकत नाही.

चार दिवसांनी त्याने वडिलांनाच विचारले, की अब्बा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर उत्तर द्याल का? अम्मीने मध्यस्थी केली असावी, कारण मोबाइल परत मिळाला होता. वडील ओट्यावर बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी नाही लावली तर शेजारचा ओढतो. सगळ्यांनी काढली तर मी पहिला काढीन." मुलगा काही बोलला नाही. थांबला. वडिलांनी खाली पाहिले आणि जरा वेळाने म्हणाले, "पण पहिला कोण काढणार, ते मला माहीत नाही."

नऊ मिनिटांचा चित्रपट झाला. आम्ही तो शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखविला. गल्लीतली पंचवीस-तीस माणसे आली होती. वडील शेवटच्या बाकावर होते. मोटारीचे दृश्य आले तेव्हा दोघे-तिघे हसले आणि मग गप्प झाले. संपल्यावर शेवटच्या घरातल्या एका चाचींनी उठून त्या मुलालाच विचारले, "बेटा, हे दाखवून आमच्या नळाला पाणी येणार का?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी चादर उतरवायला लागलो.

मोटारी अजून आहेत. त्याच्या घरची मात्र पहाटे पाचच्या आत चालू करीत नाहीत, तोवर मागच्या घरांना दोन-दोन हंडे मिळतात, असे तो सांगतो. चाचींचा प्रश्न त्याने चित्रपटाच्या शेवटी जोडला आहे. आता तो साडेनऊ मिनिटांचा झाला आहे. मोबाइल त्याच्याकडे रविवारी असतो.